निर्यातीचे ब्रेक आणि कामगारांची बोटे

२०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात भारतातून २२.९ अब्ज डॉलर किमतीचे वाहनांचे सुटे भाग परदेशी रवाना झाले व २२.४ अब्ज डॉलरचे भाग देशात आले, असे ह्या उद्योगातील मालकांच्या संघटनेचे आकडे आहेत. निर्यातीने आयातीवर मात केली म्हणून भांडवलदारी वृत्तपत्रांनी बराच गाजावाजा केला. त्या आनंदावर लवकरच विरजण पडले. ३ मे २०२५ पासून अमेरिकन सरकारने प्रवासी मोटारी व हलक्या ट्रकच्या सुट्या भागांवर २५ टक्के जकात बसवली. ज्या भारतीय मालाला ही तरतूद लागू नव्हती, त्यातील बहुतेकांवर २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के आकारणी सुरू झाली. पुढे हे दर हलत राहिले. परंतु दर खाली येण्याची वाट न पाहता एक गोष्ट आधीच खाली सरकू लागली होती. जकातीचा भार वाटून घ्या, असा तगादा परदेशी खरेदीदारांनी भारतीय पुरवठादारांकडे लावला. पुरवठादारांनी तो लहान कारखानदारांकडे ढकलला. आणि लहान कारखानदाराने कंत्राटदाराला सांगितले की, उद्यापासून माणसे कमी आण.

ह्या घडामोडींवर दोन तऱ्हेची भाष्ये ऐकू येतात. मालकवर्ग म्हणतो, देश अडचणीत आहे, परदेशी बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून सर्वांनीच थोडी झीज सोसावी, वेतनकरार पुढे ढकलावेत व सरकारने मदतीचा हात सैल सोडावा. सरकारी प्रवक्ते म्हणतात, एक दार बंद झाले तर दुसरे उघडेल. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झालाच, आणखीही होतील. ह्या दोन्ही भाष्यांत कामगार कोठे येतो? पहिल्यात झीज सोसणाऱ्यांच्या यादीत. दुसऱ्यात कोठेच नाही. म्हणून जकातीच्या टक्केवारीची चर्चा क्षणभर बाजूस सारून, परदेशी जाणारा माल बनतो कसा आणि त्याची खरी किंमत चुकती करतो कोण, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी ब्रेकच्या भागांइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

मोटारीचा ब्रेक ड्रम किंवा ब्रेक डिस्क ही बिडाची ओतीव वस्तू असते. कच्चे बीड व भंगार भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यांत ओतायचे, निवल्यावर साचा फोडायचा, चिकटलेली वाळू झाडून कडा ग्राइंडरवर घासायच्या, मग यंत्रावर तासून तोल तपासायचा, असा हा क्रम. कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती, बेळगाव, राजकोट, कोइम्बतूर, पंजाबातील बटाला व जालंदर, बंगालमधील हावडा ही देशातील ओतकामाची प्रमुख ठाणी. कोल्हापुरात उसाचे चरक व ऑइल इंजिने बनवता बनवता जी फाउंड्री वाढली, ती आज परदेशी मोटारींच्या भागांपर्यंत येऊन पोचली आहे. ह्या मजलेमागे तेथील मिस्त्र्यांची व साचेकामगारांची पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी आहे आणि तिचा अभिमान बाळगण्याचा हक्क सर्वप्रथम त्यांचाच आहे. ब्रेक पॅड निराळ्या रीतीने तयार होतो. जाड पोलादी पत्र्यातून पॉवर प्रेसवर त्याची पाठपट्टी कापतात व तिच्यावर राळ, धातूंची पूड, तंतू इत्यादींचे मिश्रण उष्णता आणि दाब देऊन बसवतात. ब्रेक व त्यांचे भाग बनवणारे मोठे कारखाने तमिळनाडू, हरयाणा आणि पुण्याच्या परिसरात आहेत. त्यांच्याभोवती लहान प्रेसशॉपांचा विस्तार पसरलेला आहे.

युरोपात बदली ब्रेक पॅड विकायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ९० खाली त्याला मान्यता लागते. किती जोर लावल्यावर अस्तर पाठपट्टीपासून सुटते, थंड असताना आणि तापल्यावर ते किती पकड घेते, हे सारे तपासले जाते. मान्यता मिळाली की वर्तुळातील 'ई' हे अक्षर व मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक पॅडवर उमटतो. ड्रमच्या बिडावर ओतकामाची तारीख व खूण असते. उद्या जर्मनीत एखादा ड्रम तडकला, तर तो कोणत्या पाळीत व कोणत्या वितळणीतून निघाला ह्याचा छडा खरेदीदाराला कागदोपत्री लावता येतो आणि सदोष मालाचा भुर्दंड पुरवठादाराच्या बिलातून वळता करून घेता येतो. माणसांचे प्राण ज्या वस्तूवर अवलंबून आहेत तिच्या बाबतीत ही काटेकोर व्यवस्था योग्यच आहे.

तक्रार आहे ती निराळी. तोच साचा ज्याने फोडला तो माणूस त्या दिवशी कारखान्यात हजर होता, ह्याची नोंद पुष्कळदा कोठेही नसते. तो कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदाराची वही कंत्राटदाराच्या खिशात. घर बिहारात किंवा ओडिशात, मजुरी साच्यांच्या संख्येवर, निवास शेडच्या मागील खोलीत सहा-आठ जणांबरोबर. साचा फोडताना आणि कडा घासताना उडणाऱ्या वाळूच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवण्याजोग्या रोगांमध्ये त्याचा समावेश होता. पण ज्याच्या नावाची नोंदच नाही त्याच्या रोगाची नोंद कोण करणार? छातीत घरघर सुरू झाली की तो गावी परत जातो, तेथे क्षयाची औषधे घेतो, आणि फाउंड्रीच्या दप्तरातील आरोग्याचे रकाने निष्कलंक राहतात.

प्रेसशॉपांची स्थिती अधिक उघड आहे, कारण तेथील इजा लपवता येत नाही. हरयाणातील मानेसर, गुरुग्राम व फरिदाबाद ह्या पट्ट्यात जखमी कामगारांमध्ये काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून मोटारउद्योगाच्या पुरवठासाखळीतील अपघातांवर अहवाल काढीत आली आहे. अहवालमालेचे नाव 'क्रश्ड', म्हणजे चिरडलेले. हाताची बोटे गमावणाऱ्यांत बहुसंख्य परप्रांतीय तरुण असतात. इजा करणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेसचा क्रमांक पहिला लागतो. आणि पुष्कळांच्या हाती राज्य कामगार विम्याचे ओळखपत्र पडते ते अपघात झाल्यानंतर, असे ह्या अहवालांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. ह्यातील शेवटची बाब नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. कायद्याप्रमाणे कामावर रुजू होताच नोंदणी व्हावयास हवी. बोट शाबूत असेपर्यंत जो कामगार कागदावर अस्तित्वात नव्हता, तो बोट तुटताच घाईघाईने अस्तित्वात आणला जातो, कारण आता उपचाराचा खर्च विमा महामंडळाच्या गळ्यात बांधायचा असतो.

पॉवर प्रेसवर बोट तुटणे हा काही दैवी कोप नव्हे. दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज ठोका पडू नये, हात आत असेल तर प्रकाशकिरणांच्या पडद्याने यंत्र थांबावे, ही साधने जुनी आणि सर्वज्ञात आहेत. फॅक्टरी कायद्याच्या २१ व्या कलमाने धोकादायक यंत्रांना संरक्षक आडोसा बंधनकारक केला होता. पण आडोशाने प्रत्येक ठोक्यामागे थोडा वेळ जातो व तासाचे उत्पादन घटते. म्हणून कोठे सेन्सर बंद ठेवला जातो, कोठे दोनांपैकी एक बटण कायमचे दाबून बांधून टाकले जाते, तर कोठे पायाने चालणारा जुना प्रेसच चालू ठेवला जातो. मोटार थांबवणारी वस्तू जेथे घडते तेथे यंत्र थांबवण्याची सोय मात्र नफ्याच्या हिशेबात बसत नाही!

खरेदीदार देशांचे कायदे माणसांची व निसर्गाची किती काळजी घेतात, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रेक पॅड झिजताना त्यातील तांब्याची धूळ रस्त्यावर पडते, पावसाबरोबर ओढ्यांत जाते व सामन माशांना बाधते, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन ह्या राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. पॅडमधील तांब्याचे प्रमाण २०२१ पासून ५ टक्क्यांखाली व २०२५ पासून अर्ध्या टक्क्याखाली आणणे त्यांनी बंधनकारक केले. युरोपीय संघाने तर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमावलीत ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीलाच मर्यादा घातली. हे कायदे स्वागतार्ह आहेत, आणि त्यांच्याबरहुकूम मिश्रणे बदलण्यात भारतीय कारखान्यांनी कसूर केली नाही, कारण न बदलली तर माल परत येतो. प्रशांत महासागराच्या काठावरील ओढ्यांतल्या माशाचा विचार पुरवठ्याच्या शर्तींत आला आहे. त्या मिश्रणाची पोती फोडून ती यंत्रात ओतणाऱ्या कामगाराच्या नाकातोंडात काय जाते, हे विचारणारी शर्त मात्र त्या कागदांत सहसा आढळत नाही.

अॅस्बेस्टॉसचा इतिहास ह्याच जातीचा आहे. एके काळी ब्रेक लायनिंगचा तो मुख्य घटक होता. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल ह्या कंपनीच्या भागीदारीने लायनिंगे बनत. अॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारे फुप्फुसांचे रोग वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात; तोवर कामगार निवृत्त झालेला असतो आणि मालकी बदललेली असते. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला तो ह्याच कारणाने. ब्रिटनमध्ये रोगग्रस्तांच्या दाव्यांच्या ओझ्याखाली टर्नर अँड न्यूऑल २००१ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. युरोपीय संघाने १ जानेवारी २००५ पासून अॅस्बेस्टॉसचा वापर बंद केला. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम काढला व त्यात बदली ब्रेक लायनिंगांचा स्पष्ट समावेश केला. भारतात मात्र क्रायसोटाइलवर सर्वंकष बंदी झाली नाही, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अॅस्बेस्टॉसविषयक १९८६ च्या करारालाही भारताने मान्यता दिली नाही. निर्यातीच्या पॅडमधून अॅस्बेस्टॉस हद्दपार झाले ते परदेशी ग्राहकाच्या फुप्फुसांसाठी.

आता किमतीकडे वळू या. मोटार कंपन्यांच्या दीर्घ मुदतीच्या करारांत दरवर्षी भावात काही टक्के कपात करण्याचे कलम सर्रास असते. कारण असे सांगितले जाते की, अनुभवाने पुरवठादाराची कार्यक्षमता वाढते. बीड, भंगार किंवा पोलादाचे भाव चढले तर त्याची भरपाई मागण्याचीही तरतूद सामान्यतः असते. किमान वेतन वाढले, महागाई भत्ता वाढला, तर भरपाई मागण्याचे कलम क्वचितच दिसते. ह्याचा सरळ अर्थ असा की धातूची किंमत करारानेच राखली जाते आणि श्रमाची किंमत पुरवठादाराने जमेल तेथून वसूल करायची असते. त्यातच माल परदेशी गुदामात आपल्या खर्चाने साठवून ठेवायचा, पैसे दोन-तीन महिन्यांनी मिळायचे, आणि पुरवठा एक दिवस चुकला तर विमानाने माल पाठवण्याचा भुर्दंड सोसायचा. मोठा निर्यातदार ह्यातील बरेचसे ओझे आपल्याला ओतीव माल पुरवणाऱ्या लहान फाउंड्रीवर टाकतो. शिरोलीतला किंवा बटाल्यातला दोन भट्ट्यांचा मालक पुष्कळदा स्वतःच कालचा मिस्त्री असतो. बँकेचे हप्ते, विजेचे बिल आणि वरून येणारी भावकपात ह्यांच्या कात्रीत तोही सापडलेला असतो. त्याला आणि बहुराष्ट्रीय कंपनीच्या भागीदाराला एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. तथापि कात्रीतून सुटण्यासाठी तो ज्याच्या अंगावर पाय देतो त्याला ह्या फरकाने दिलासा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

सरकारची भूमिका ह्या साखळीत तटस्थ पंचाची नाही. निर्यातदारांना जकात परतावा मिळतो. जानेवारी २०२१ पासून 'रोडटेप' योजनेखाली करांची परतफेड मिळू लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये मोटारउद्योगाच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनासाठी २५,९३८ कोटी रुपयांची तरतूद झाली. देशात कारखाने वाढावेत, परकीय चलन मिळावे, ह्याला कामगारवर्गाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न शर्तींचा आहे. उलाढाल किती वाढली, गुंतवणूक किती झाली, देशी मूल्यवृद्धी किती टक्के, ह्या शर्ती घातल्या गेल्या; किती बोटे तुटली, ही शर्त कोठेच नाही. निर्यातीचा माल जहाजावर चढण्यापूर्वी तपासता यावा म्हणून १९६३ सालीच एक कायदा करण्यात आला. कारखान्यात शिरणाऱ्या निरीक्षकाचा हात मात्र उत्तरोत्तर आखडला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आणल्या गेल्या. त्यांतील सुरक्षाविषयक संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली, कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० केली, आणि निरीक्षकाला 'निरीक्षक व सुविधाकार' असे दुहेरी नाव दिले. ब्रेकच्या पाठपट्ट्या कापणारे कितीतरी प्रेसशॉप १० आणि २० ह्या दोन आकड्यांच्या मधेच वसलेले आहेत.

अमेरिकन जकातीचा निषेध केलाच पाहिजे, आणि तो निःसंदिग्ध शब्दांत. साम्राज्यवादी राष्ट्राने आपली बाजारपेठ दबावाचे हत्यार म्हणून वापरण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. १९८० मध्ये अमेरिकेने भारतातील बिडाच्या ओतीव मालावर प्रतिशुल्क बसवले होते. १९९७ मध्ये चिनी ब्रेक रोटरवर डंपिंगविरोधी शुल्क लादले. जून २०१९ मध्ये भारताला मिळणारी पसंतीची व्यापारी सवलत काढून घेतली. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात भारताच्या निर्यात-प्रोत्साहन योजनांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत आपल्या बाजूचा निर्णय मिळवला. परंतु ह्या निषेधाच्या मिषाने कामगारांना मालकांच्या मागे मुकाट रांगेत उभे करण्याचा जो डाव चालला आहे, तो ओळखला पाहिजे. जकात नव्हती तेव्हा निर्यातीच्या भरभराटीचा वाटा फेटलिंगच्या ग्राइंडरवरील माणसापर्यंत किती पोचला? त्या वर्षांत वेतनकरारांच्या बैठकीत परदेशी स्पर्धेचे, चीनच्या स्वस्त मालाचे कारण पुढे केले जात होते. आता जकातीचे केले जाते. चीनमधील ओतकामगार हा काही कोल्हापूरच्या ओतकामगाराचा वैरी नव्हे. दोघांच्या मजुरीची तुलना करून दोघांनाही भाव उतरवायला लावणारा खरेदीदार एकच असतो.

संघटनेने करावयाच्या गोष्टी अनेक आहेत. त्यांतील दोन ताबडतोब हाती घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, निर्यातीसाठी सार्वजनिक पैशातून जी मदत दिली जाते, तिच्याबरोबर कंत्राटी कामगारांसह प्रत्येकाची पहिल्या दिवसापासून विमा नोंदणी, प्रेसवरील संरक्षक साधने व अपघातांची जाहीर नोंद ह्या अटी घालाव्यात, आणि जकातीच्या नावाखाली मदत घेणाऱ्या कारखान्याला त्या मुदतीत कामगार कमी करता येऊ नयेत, अशी मागणी राज्य सरकारांकडे व संसदेत रेटली पाहिजे. ही मागणी मान्य होण्यास वेळ लागेल.

दुसरी गोष्ट कोणाच्या मान्यतेवर अवलंबून नाही. २००७ च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरील गटारांची झाकणे हावड्याच्या फाउंड्रीत अनवाणी कामगार ओततात, असे छायाचित्रांसह एका अमेरिकन दैनिकात प्रसिद्ध झाले, आणि तेथील वीज कंपनीला आपल्या करारांत सुरक्षेच्या अटी घालण्याची भाषा करावी लागली. एका छायाचित्राने जे घडले ते पद्धतशीर नोंदींनी अधिक टिकाऊपणे घडवता येईल. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठासाखळीचा कायदा अमलात आला. तो सौम्य करण्याची खटपट तेथील मालकवर्गाने चालवली, आणि मुळातही थेट पुरवठादारापलीकडे खालच्या पायरीवरील फाउंड्रीपर्यंत तो पोचतो ते कंपनीच्या कानी ठोस माहिती आली तरच. ही ठोस माहिती गोळा करणे हे काम जर्मन कंपनी करणार नाही, निर्यातदारही करणार नाही.

म्हणून फाउंड्री व प्रेसशॉप असलेल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत, मग ती शिरोली असो, उद्यमबाग असो, चाकण असो वा फरिदाबाद असो, कामगार संघटनेच्या शाखेने अपघातांची स्वतःची वही ठेवावी. तीत जखमी कामगाराच्या इच्छेनेच त्याचे नाव घालावे; नाव नसले तरी तारीख, यंत्र, पाळीचे तास, कंत्राटदार आणि विमा नोंदणीचा दिवस हे तपशील चुकू नयेत. आणि त्या पाळीत जो माल निघाला त्यावर ओतलेली किंवा ठोकलेली खूणही त्याच ओळीत लिहावी, म्हणजे अपघात आणि परदेशी गेलेला माल ह्यांची सांगड घालता येईल. ही खूण मालकाच्या दप्तरात शोधण्याची गरज नाही. साचा बनवणाऱ्याला ती पाळी सुरू होतानाच ठाऊक असते.